बर्फाची सुट्टी

१० जानेवारी २०२४, बुधवार

काल रात्रभर वारा आणि धो धो पाऊस. सकाळी शाळेत पोचले तर शिक्षकांच्या खोलीत एकच विषय होता, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातलं जेम्स मॅडिसन हायस्कूल. फ्लॉइड बेनेट फील्ड या जुन्या विमानतळावरच्या तंबूंत राहणाऱ्या, अमेरिकेत आश्रय मागायला आलेल्या जवळजवळ दोन हजार माणसांना काल संध्याकाळी बसमध्ये बसवून या शाळेत आणलं. वाऱ्यापुढे तंबू टिकणार नाहीत अशी भीती होती. रात्र त्यांनी शाळेत काढली आणि वादळ ओसरल्यावर पहाटेच ती परतही गेली. आज मात्र त्या शाळेतल्या मुलांना ‘घरूनच शिका’ असा निरोप आहे. पालक भडकलेत. त्यांचा राग निवाऱ्याला आलेल्या माणसांवर निघतोय, हे मला अजिबात पटत नाही. कडेवर पोर घेऊन तंबूत राहणाऱ्या बाईला वादळाच्या रात्री पक्कं छप्पर मिळायलाच हवं.

माझ्या डोक्यात दिवसभर वेगळंच घोळत राहिलं. पाच वर्षांपूर्वी अशी वेळ आली असती तर शाळेला एक दिवस सुट्टी दिली असती आणि विषय संपला असता. आता सुट्टी द्यायची गरजच उरलेली नाही. इमारत बंद, तरी शाळा सुरू. करोनात नाइलाजानं उभी केलेली सोय आता बर्फ, वादळ, निवारा, कशासाठीही पुढे केली जाते. तिच्यातून त्या दिवशी मुलांच्या पदरात काय पडलं, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

बर्फ पडला! सेंट्रल पार्कमध्ये एका दिवसात इंचभर बर्फ पडून ७०१ दिवस झाले होते. एवढा मोठा खंड न्यूयॉर्कनं यापूर्वी पाहिलेला नाही. तो आज संपला. शाळा बंद ठेवण्याइतका काही नव्हता, पण सहावीच्या वर्गात गणित शिकवणं आज शक्यच नव्हतं. इक्वेडोरहून सप्टेंबरात आलेला एक मुलगा जन्मात पहिल्यांदा बर्फ बघत होता. रस्त्यावरून उचललेला गोळा त्यानं कंपासपेटीत घालून वर्गात आणला. दुसऱ्या तासाला पेटी उघडली तर आत पाणी, आणि त्यात तरंगणारा खोडरबर. त्यानं ते पाणी ओतू दिलं नाही. घरी आईला दाखवायचं होतं.

इथल्या पोरांच्या काही ठाम समजुती आहेत. रात्री पायजमा उलटा घालून झोपायचं, उशीखाली चमचा ठेवायचा, संडासात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा बंद पडेल एवढा बर्फ पडतो. आज वर्गात कुणीतरी त्या मुलाला हे सगळं समजावून सांगत होतं. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “पण मिस, आता बर्फ पडला तरी शाळा असतेच ना? लॅपटॉपवर?”

असते, असं मला सांगावं लागलं.

ही मुलं मार्च २०२० मध्ये दुसरीत होती. १६ मार्चला शहरातल्या सगळ्या शाळा बंद झाल्या आणि २३ मार्चपासून पडद्यावर भरल्या. शहरानं तीन लाख आयपॅड विकत घेऊन घरोघर पोचवले. त्या वेळी ते करायलाच हवं होतं आणि शिक्षकांनी ते जिवापाड केलं. मग त्याच वर्षी शहरानं जाहीर केलं की यापुढे बर्फाची सुट्टी नाही, ‘रिमोट’ दिवस. कारण सरळ आहे. राज्याचा कायदा वर्षाला १८० दिवस शाळा भरवायला सांगतो आणि शाळांना मिळणारा राज्याचा पैसा त्या आकड्याशी बांधलेला आहे. कॅलेंडरमध्ये सण वाढले, मोकळे दिवस उरले नाहीत. घरून शिकवलेला दिवस १८० मध्ये धरायला राज्यानं आधी प्रयोग म्हणून आणि नंतर नियमातच मुभा दिली. झालं, आकडा जुळला.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी महापौर एरिक ॲडम्स आणि शहराच्या शाळांचे प्रमुख, म्हणजे चॅन्सेलर, डेव्हिड बँक्स यांनी जाहीर केलं, उद्या इमारती बंद, सगळी शाळा घरून. शहराच्या जवळजवळ नऊ लाख मुलांना हे लागू. आपली तयारी पूर्ण आहे, सराव झालाय, असं बँक्स म्हणाले. महापौरांचा सूर असा, की मुलासाठी कॉम्प्युटर सुरू करून द्यायचीही ज्या पालकांची तयारी नाही, त्यांच्याबद्दल खेदच वाटतो. माझ्या वर्गातल्या पालकांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. त्यातल्या किती जणी उद्या सकाळी सहाला दुसऱ्याच्या घरी साफसफाईला किंवा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामावर असतील! त्यांची तयारी नाही असं नाही, त्या घरीच नसतील.

शेवटचे दोन तास कपाटातले लॅपटॉप वाटण्यात गेले. यादीत नाव, पालकांची सही असलेला कागद, चार्जर. चार्जरपाशी गाडी अडली. काहींची पिन वाकडी, काही भलत्याच मॉडेलचे. ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांना आधी दिले. एका मुलीला विचारलं, “घरी आहे का लॅपटॉप?” म्हणाली, “आहे, पण आम्ही चौघं.” चौघांची यत्ता वेगळी, चौघांना उद्या सव्वाआठला एकाच वेळी वर्ग.

रात्री सांगलीहून आईचा फोन. तिकडे उजाडलं होतं, माघी गणेशजयंतीची गडबड होती. “उद्या तुमच्याकडे शाळा बंद ना गं?” “बंद नाही आई, घरून शिकवायचंय.” “मग बर्फ पडला काय नि न पडला काय, सारखंच की!” असं म्हणून ती मोदकांकडे वळली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे पाचला जाग आली. बाहेर ओला, जड बर्फ. सात वाजता टेबलावर लॅपटॉप, शेजारी फोन, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आजचा पाठ. विषय गुणोत्तर. म्हटलं, बर्फाचंच उदाहरण घेऊ. दहा इंच भुसभुशीत बर्फ वितळला की साधारण एक इंच पाणी होतं. तर वीस इंचांचं किती? पाच इंचांचं किती? खिडकीबाहेर हात घालून वाटीभर बर्फ घ्या, वितळवा आणि मोजा. घरबसल्या करण्यासारखा पाठ होता, मनापासून तयार केला होता.

आठ वाजता मीच आत शिरू शकेना. पासवर्ड बरोबर, तरी पान गोल गोल फिरतंय. शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेजचा पूर आला. कुणालाच जमेना. शहरभर हीच गत होती. लाखो मुलं आणि शिक्षक एकाच वेळी एकाच दरवाजातून आत शिरायला बघत होते आणि ओळख पटवणारी यंत्रणाच कोलमडली होती. नंतर बँक्स यांनी ते जाहीरपणे मान्य केलं, कंत्राटदार कंपनीला दोष दिला. सव्वाआठ, साडेआठ. फोन वाजत होते. “मिस, नुसतं फिरतंय.” “मिस, मला परत पहिल्या पानावर टाकतं.” एका बापानं कामावरून फोन केला, “मी बसमध्ये आहे, मुलगा घरी रडतोय, त्याला वाटतंय त्याची गैरहजेरी लागणार. त्याला काय सांगू?” म्हटलं, सांगा, मिसनी हजेरी लावली. काही गोष्टी नियमाबाहेर जाऊनच कराव्या लागतात.

नऊच्या सुमारास मी आत शिरले. हळूहळू चौकटी उगवू लागल्या. वर्गातली निम्मी मुलं दिसली, त्यातल्या बहुतेकांचे कॅमेरे बंद. चौघं भावंडांतली ती मुलगी फोनवरून आली होती. लॅपटॉप धाकट्याला दिलेला. फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर तिला माझं कोष्टक दिसत नव्हतं, म्हणून मी आकडे मोठ्यानं वाचले आणि तिनं वहीत उतरवून घेतले. मागून तीन वेगवेगळ्या शिक्षिकांचे आवाज येत होते. एक अक्षरं शिकवत होती, एक अमेरिकन क्रांती. इक्वेडोरचा मुलगा आलाच नाही. तो आईबरोबर निवाऱ्यात राहतो. गेल्या शालेय वर्षात या शहरातली १ लाख १९ हजारांहून अधिक मुलं कधी ना कधी स्वतःच्या घराविना होती. निवाऱ्यात, नातेवाइकांकडे, दुसऱ्याच्या घरातल्या कोपऱ्यात. अशा मुलाला ‘घरून शिक’ म्हणायचं तर कुठल्या घरून?

आलेल्यांपैकी सहाएक मुलांनी वाटीत बर्फ घेतला. एकानं मोजपट्टी वाटीत उभी धरून कॅमेऱ्यासमोर आणली आणि ओरडला, “मिस, पाणी फारच कमी झालं!” तेवढी दोन मिनिटं खरी शाळा भरली. बाकीच्यांचं काय चाललंय ते मला कळायला मार्ग नव्हता. वर्गात मी फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी कुणाला समजलं नाही ते पाठीला कळतं. इथं नुसती नावं दिसतात.

जेवणाच्या सुट्टीत दारावर थाप. वरच्या मजल्यावरच्या आजी. साताऱ्याहून नातवाकडे सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. मुलगा-सून दोघंही कामावर, कारण दवाखाने आणि औषधांची दुकानं काही बर्फासाठी बंद होत नाहीत. नातू बालवर्गात, वय पाच.

“अगं, जरा वर येतेस का? सकाळपासून त्या डबड्यापुढं बसलाय, रडून रडून डोळे सुजलेत. सुनेनं सगळं लिहून दिलंय, पण ते इंग्रजीत. मला काय कळतंय?”

वर गेले. डबा तसाच, पोळीचा एक घास तोडलेला. सुनेनं कागदावर नऊ पायऱ्या लिहून ठेवलेल्या. पाच वर्षांच्या पोराचा पासवर्ड मोठी-छोटी अक्षरं, आकडे आणि एक चिन्ह मिळून झालेला. मी तो टाकला. त्याच्या वर्गाच्या खोलीत वीस चौकटी होत्या आणि सगळी एकदम बोलत होती. कुणी कुत्रा दाखवत होतं, कुणी आईला हाक मारत होतं. त्या बिचाऱ्या शिक्षिकेचं मला फार वाईट वाटलं. हसतमुखानं ती प्रत्येकाला नावानं बोलावत होती आणि आवाज बंद कसा करायचा ते सांगत होती. तिचा पंधरा मिनिटांचा तास त्यातच संपला.

मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, “आजी, याला बाहेर न्या. हातमोजे घाला, टोपी घाला आणि न्या.”

“शाळा बुडेल की गं त्याची.”

“बुडू द्या आजी. शिक्षिका सांगतेय तुम्हाला.”

दुपारी बर्फ थांबला. सेंट्रल पार्कमध्ये तीन इंचांपेक्षा थोडासाच जास्त, अंदाजापेक्षा बराच कमी. रस्ते अकरालाच मोकळे झाले होते. शेवटच्या तासाला मी कॅमेऱ्यासमोर समीकरणं सोडवत असताना बाहेर फुटपाथवर शॉवेल घासल्याचे आवाज येत होते आणि पोरांच्या आरोळ्या. त्यात माझ्या वर्गातलीही असणार, नाव पडद्यावर आणि स्वतः जवळच्या किसीना पार्कच्या उतारावर. मला त्यांचा राग आला नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

वर्ग भरला. पहिला प्रश्न, “काल कोण कोण होतं?” अर्ध्यांनी हात वर केला. आता काय करायचं? पुढे जायचं तर अर्ध्यांना पाया नाही. परत शिकवायचं तर काल मन लावून बसलेली मुलं कंटाळणार. परत शिकवलं. म्हणजे कालचा दिवस कॅलेंडरवर भरला आणि आज पुन्हा तोच भरला.

चौघांतली मुलगी वही घेऊन आली. फोनवरून ऐकून तिनं सगळे आकडे बरोबर लिहिले होते, एकही चूक नाही. तिला मी फळ्यापाशी बोलावलं आणि वर्गाला तिनंच शिकवलं.

स्टाफरूममध्ये एका वयस्क सहकाऱ्यानं आठवण काढली. बरोबर दहा वर्षांपूर्वी, १३ फेब्रुवारी २०१४ ला, शहरात नऊ इंचांच्या वर बर्फ पडला होता आणि तरी तेव्हाच्या चॅन्सेलर कार्मेन फारीन्या यांनी शाळा उघड्या ठेवल्या होत्या. दिवस छान आहे असं त्या पत्रकारांना म्हणाल्या आणि गावभर टीका झाली. त्या दिवशी निम्म्याहून कमी मुलं शाळेत पोचली होती. फारीन्यांची अडचण मला समजते. शाळेत न्याहारी-जेवण मिळतं, आईबापांना कामावर जायचं असतं, पोरांना कुठं ठेवणार? पण अर्धा वर्ग आला की शिकवणं होत नाही, हे त्या दिवशी वर्गावर असलेला प्रत्येक शिक्षक सांगेल.

१८ फेब्रुवारी, रविवार

उद्यापासून आठवडाभर सुट्टी. आज निवांत बसून अर्थतज्ज्ञ जोशुआ गुडमन यांचा बर्फाच्या सुट्ट्यांवरचा निबंध वाचला. हार्वर्डमध्ये असताना त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शाळांची २००३ ते २०१० या वर्षांची आकडेवारी तपासली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. शोधायला निघाले होते बर्फाच्या सुट्ट्यांनी किती नुकसान होतं ते. निघालं भलतंच. शाळा सरसकट बंद राहिली त्या दिवसांचा मुलांच्या गुणांवर काही परिणाम दिसला नाही. परिणाम दिसला तो शाळा उघडी असूनही मुलं गैरहजर राहिली त्या दिवसांचा, आणि तो गणितात ठळक होता. कारण शिक्षकाला लगेच पटण्यासारखं आहे. सगळ्यांचा दिवस एकदम बुडाला तर शिक्षक अख्खा पाठ एक दिवस पुढे ढकलतो, एखादी उजळणी कमी करतो, सगळा वर्ग एकत्र पुढे सरकतो. पण कुणी आलं आणि कुणी नाही, की वर्ग दुभंगतो. आलेल्यांचा वेळ न आलेल्यांना शिकवण्यात जातो.

हे वाचताना मंगळवार आठवत होता. घरून शाळा ही सुट्टीची जागा घेते असं सगळे म्हणतात. माझ्या मते ती सुट्टीसारखी नाहीच. ती आहे गैरहजेरीच्या दिवसासारखी. दार उघडं आहे, पण पोचतात अर्धीच. आणि कोण पोचणार हे बर्फावर ठरत नाही. घरात किती लॅपटॉप, किती खोल्या, आई घरी आहे की कामावर, यावर ठरतं. शाळा बंद असते तेव्हा निवाऱ्यातला मुलगा आणि मॅनहॅटनमधल्या मोठ्या फ्लॅटमधला मुलगा एकाच दिवसाला मुकतात. रिमोट दिवशी एकटा निवाऱ्यातला मुलगा मुकतो.

उलट बाजूही वाचली. मेरीलँडमधल्या मार्कोट आणि हेमेल्ट यांच्या अभ्यासात कडक हिवाळ्याच्या वर्षी तिसरीच्या मुलांचे निकाल घसरलेले दिसतात. तिथं तेव्हा परीक्षा मार्चमध्ये, आणि बुडालेले दिवस भरून काढायचे जूनमध्ये, म्हणजे परीक्षा झाल्यावर. खूप सुट्ट्या लागोपाठ पडल्या तर नुकसान होणारच, ते मी नाकारत नाही. पाच-सहा दिवस शाळा बंद राहणार असेल तर घरून शिकवावं, मीही शिकवेन. पण आपण बोलतोय ते वर्षातल्या एक-दोन दिवसांबद्दल.

आणि एक. ज्या मुलांना वर्गात वेगळी मदत लागते, ज्यांच्या शेजारी दिवसभर एक माणूस बसतो, ज्यांना शाळेत वाचा-उपचार मिळतात, त्यांच्यासाठी पडद्यावरचा दिवस सुट्टीपेक्षाही वाईट असतो. सुट्टीत निदान मनाला लागत नाही. रिमोटमध्ये ती दिवसभर आपल्याला जमत नाही हेच अनुभवत राहतात.

२१ फेब्रुवारी, बुधवार

एडिसनला मैत्रिणीकडे गेले होते. नदीपलीकडे न्यू जर्सीत कायदा वेगळा. तिथं एखाद-दुसऱ्या दिवसासाठी शाळा बंद ठेवली तर घरून शिकवलेला दिवस १८० मध्ये धरत नाहीत. आणीबाणी जाहीर होऊन सलग तीनपेक्षा जास्त शाळेचे दिवस बंद राहिले तरच. त्यामुळे तिच्या मुलींना १३ तारखेच्या मंगळवारी खरीखुरी सुट्टी होती. भरपाईचा दिवस एप्रिलच्या सुट्टीतून कापणार म्हणून मैत्रीण कुरकुरत होती, तिकिटं काढलेली होती. धाकटीनं मला अंगणातला किल्ला दाखवला. बर्फाचा, पण बुरूज, तटबंदी आणि दिंडीदरवाजा थेट आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यासारखे. आठवड्यापूर्वीचा, आता निम्मा वितळलेला. “भिंत सारखी पडत होती,” ती म्हणाली, “मग खाली रुंद आणि वर निमुळती केली.” आठ वर्षांची आहे. कुणी सांगितलं नव्हतं.

न्यू जर्सीप्रमाणे मॅसॅच्युसेट्सही बर्फामुळे घरून शिकलेला दिवस मोजत नाही. पेनसिल्व्हेनियात २०१९ च्या कायद्यानं वर्षाला पाच असे दिवस चालतात, मिनेसोटातही पाच. न्यू हॅम्पशायरमधल्या किअरसार्ज भागातल्या शाळांनी करोनाच्या कितीतरी आधी, २०१० च्या सुमारास, वेगळी वाट काढली होती. वादळाच्या दिवसासाठी मुलांना आधीच गृहपाठाची पिशवी द्यायची. तिला ते ‘ब्लिझर्ड बॅग’ म्हणत. कागद, पेन्सिल, शिक्षकानं विचार करून दिलेलं काम. वीज गेली तरी चालेल, भावंडं चार असली तरी चालेल. मला ही कल्पना पडद्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते. आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या जेफरसन काउंटीच्या शाळाप्रमुख बाईंनी डिसेंबर २०२० मध्ये, सगळं जग पडद्यावर असताना, पालकांना पत्र लिहून चक्क बर्फाची सुट्टी जाहीर केली होती. मुलांचं एवढं सगळं गेलं आहे, हे तरी त्यांच्यापाशी राहू द्या, असा त्या पत्राचा भाव होता. मी ते तेव्हा वाचलं होतं. आज पुन्हा शोधून वाचलं.

२६ जुलै, शुक्रवार

धाकट्या बहिणीचा शिरोळ तालुक्यातून फोन. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची त्रेचाळीस फुटांची पातळी ओलांडली आहे. शाळा बंद, आणि तिच्या शाळेच्या दोन खोल्यांत नदीकाठची कुटुंबं जनावरांसकट आली आहेत. ब्रुकलिनमधली ती शाळा आठवली.

“मग घरून शिकवतेस का गं?” मी विचारलं. ती हसली नाही, चिडलीही नाही, शांतपणे सांगत राहिली. करोनात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ चाललं होतं तेव्हा तिच्या वर्गातल्या बहुतेक घरांत एकच फोन होता आणि तो बापाबरोबर शेतावर जायचा. तिनं मग देवळाच्या ओसरीवर पाच-पाच पोरं बसवून शिकवलं. “पुरात मी शिकवत नाही ताई. पोरं घाबरलेली असतात. त्यांना गोष्टी सांगते, चित्रं काढायला लावते. पाणी उतरलं की शनिवारी जादा तास घेते, सगळी येतात. सगळी आली की शिकवायला किती वेळ लागतो?”

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दिवाळीची सुट्टी. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांच्या इतिहासातली पहिली. लक्ष्मीपूजन इथं कालच झालं, पण सुट्टी आजची. या सुट्टीसाठी आपल्या माणसांनी किती वर्षं सह्या गोळा केल्या, आमदारांच्या भेटी घेतल्या! क्वीन्सच्या जेनिफर राजकुमार यांनी विधिमंडळात ती लावून धरली. गेल्या नोव्हेंबरात गव्हर्नर होकुल यांनी फ्लशिंगच्या गणपती मंदिरात येऊन कायद्यावर सही केली. सकाळी वरच्या मजल्यावरून चकल्यांचा डबा आला. आजी परत गेल्या, पण सून शिकली आहे.

कॅलेंडरमध्ये सण वाढले म्हणून बर्फाची सुट्टी गेली, असं आता सर्रास बोललं जातं. कालच एका पालकानं मला तसं ऐकवलं, दिवाळीकडे बोट दाखवून. मला हे मान्य नाही. एका पोराचा सण आणि सगळ्या पोरांची बर्फाची सुट्टी यांची भांडणं लावायची गरज नाही. अडचण १८० च्या आकड्याची आहे आणि तो आकडा माणसांनीच ठरवला आहे. वादळामुळे शहर बंद ठेवावं लागलं तर वर्षाला दोन दिवसांची माफी राज्यानं द्यावी. त्या दोन दिवसांनी मुलांचं काही बिघडत नाही.

गेल्या महिन्यात बँक्स गेले, मेलिसा अविलेस-रामोस नव्या चॅन्सेलर आल्या आहेत. त्यांना आज पत्र लिहिलं. पहिले दोन दिवस खरी सुट्टी द्या, रिमोट त्यानंतर. बालवर्ग ते दुसरीच्या मुलांना पडद्यापुढे बसवूच नका, पिशवीत कागदी काम द्या. आणि रिमोट करायचंच असेल तर आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात चालणारा लॅपटॉप आणि चालणारा चार्जर आहे याची खात्री आधी करा, घोषणा नंतर.

एका शिक्षिकेच्या पत्रानं काही होणार नाही, हे मला माहीत आहे. पण प्रत्येक शाळा-जिल्ह्याची कम्युनिटी एज्युकेशन काउन्सिल असते, तिच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात आणि पालकांना तिथं उभं राहून बोलता येतं. दिवाळीसाठी आपण तिथं गेलो होतो. या हिवाळ्याआधी पुन्हा जाऊ या. आपल्या मुलांसाठी तर जाऊच, पण ज्यांच्या आईला कामावरून सुट्टी मिळत नाही म्हणून सभेला येता येत नाही, त्यांच्या मुलांसाठीही बोलू या.